वडिलांना पॅरालिसिस झाला, डिस्चार्ज मिळाला. आता पुढे कुणाकडे जायचं?

तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडते. वडील ६७ वर्षांचे. भांडुप पश्चिमेला चाळीत पहिल्या मजल्यावर घर. तीन आठवड्यांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवा हात-पाय गेला, बोलताना शब्द सापडत नाहीत. महापालिकेच्या रुग्णालयात काही दिवस होते, आता घरी आणलंय. आईला मधुमेह, दिवसभर त्यांच्यापाशी ती एकटीच. तुम्ही अंधेरीला नोकरीला, पगार साडेएकोणीस हजार. घरी येणारे फिजिओ रोजचे पाचशे रुपये मागतात. गल्लीतले जुने डॉक्टर भले आहेत, पण ‘माझ्या दवाखान्यात याहून जास्त काही होणार नाही’ म्हणाले. आणि तुम्ही विचारलंय, की कुठली सरकारी योजना लागू होईल आणि पैसे कुठून मिळतील.

मी पूर्व उपनगरात बरीच वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते. चाळी, बैठी घरं, म्हाडाच्या इमारती, असेच माझे पेशंट. माझ्या मते तुमची अडचण पैशांची आहेच, पण ‘योजना कोणती’ या प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी ती सुटणार नाही. कारण बहुतेक योजना पेशंट रुग्णालयात भरती असतानाच्या खर्चासाठी आहेत. तुमचे वडील त्या टप्प्यातून बाहेर आलेत. पुढचे तीन ते सहा महिने त्यांना व्यायाम, वाचाउपचार, नियमित औषधं, बीपीवर लक्ष, चार वस्तू आणि दिवसा घरात दुसरं एक माणूस, एवढं लागणार आहे. हे सगळं मुंबईत मिळतं, बरंचसं फुकट किंवा नाममात्र पैशांत. पण एका छताखाली मिळत नाही आणि डिस्चार्ज देताना ते कुणी नीट समजावून सांगत नाही. ते एकत्र बांधायची जागा म्हणजे तुमच्या त्याच जुन्या डॉक्टरांचा दवाखाना. ‘जास्त काही होणार नाही’ हे त्यांचं म्हणणं उपचारांपुरतं खरं आहे. त्यांच्याकडून काय मागायचं ते पुढे सांगते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पहिली, वडिलांना पाणी पिताना ठसका लागतो का? लागत असेल तर बाकी सगळं थांबवून आधी ते बघायला हवं. पॅरालिसिसनंतर गिळण्याचे स्नायू कमजोर झालेले असतात आणि पाणी, चहा यांसारखे पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. घरी आणलेला पेशंट पुन्हा रुग्णालयात जातो तो अनेकदा याच कारणानं. तोवर पूर्ण बसवून भरवा, आडवं ठेवून एक चमचाही नको. दाटसर पेज, मऊ भात, दही असं द्या, आणि भरवल्यावर अर्धा तास बसूनच राहू द्या. दुसरी गोष्ट, ते आधाराने का होईना, बसतात का, उभे राहतात का? अंथरुणालाच खिळलेले असतील तर त्यांना व्यायामाला बाहेर न्यायचा सल्ला आत्ताच उपयोगाचा नाही. तिसरी, तुमची पगाराची स्लिप. सुरुवात तिच्यापासूनच करू.

स्लिपवर ईएसआय किंवा ईएसआयसी नावाची कपात दिसते का बघा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या, आणि कायदा लागू असलेल्या आस्थापनांतल्या कामगारांसाठी हा कर्मचारी राज्य विमा असतो. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. तुमच्या पगारावर ही कपात दीडशे रुपयांच्या आसपास असेल. पुष्कळ मुलं ती वर्षानुवर्षं भरतात आणि त्या बदल्यात काय मिळतं हे त्यांच्या गावीही नसतं. या विम्यात बायको-मुलांबरोबर कामगारावर अवलंबून असलेले आई-वडीलही येतात. त्यांचं स्वतःचं उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असावं लागतं, एवढीच अट. आणि इतर योजनांसारखं इथे फक्त भरतीपुरतं नसतं. बाह्यरुग्ण तपासणी, औषधं, चाचण्या, तज्ज्ञांकडे पाठवणं, सगळं त्यात येतं. कंपनीच्या एचआरला सांगून ई-पहचान कार्डावर, म्हणजे या विम्याच्या ओळखपत्रावर, आई आणि वडील दोघांची नावं चढवून घ्या. तुम्हाला नेमून दिलेला विमा दवाखाना कुठला तेही विचारा. मुलुंडला कामगार रुग्णालय आहे, ते तुमच्या बाजूचंच. तिथे रांग असते, फेऱ्या पडतात. पण बारा महिने औषधं लागणारे दोन पेशंट एका घरात असताना हा हक्क सोडून देऊ नका. आईच्या मधुमेहाची औषधंही त्यातच बसतील.

ईएसआय नसेल तर औषधांसाठी महापालिकेचा दवाखाना. भांडुप पालिकेच्या एस विभागात येतं. तिथले जुने दवाखाने आहेतच, शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून ‘आपला दवाखाना’ सुरू झालेत. त्यातले बरेच सकाळी ७ ते दुपारी २ आणि दुपारी ३ ते रात्री १० या वेळात चालतात, त्यामुळे नोकरीवरून येऊनही जाता येतं. तपासणी, ठरलेल्या यादीतली औषधं आणि रक्ताच्या बऱ्याचशा चाचण्या मोफत. बीपीची ॲम्लोडिपिन, साखरेची मेटफॉर्मिन, ॲस्पिरिन असल्या नेहमीच्या गोळ्या सहसा मिळतात. एका गोळीत तीन औषधं कोंबलेले महागडे ब्रँड मिळत नाहीत. म्हणून तुमच्या डॉक्टरांना सांगा की औषधांची मूळ नावं सुटी सुटी लिहून द्या. दवाखान्यात जे नसेल ते जनऔषधीच्या दुकानातून घ्या. मात्र गोळी बदलली, रंग वेगळा दिसला, तर पाकीट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका. आणि पित्त होतं म्हणून ॲस्पिरिन परस्पर बंद करणं हा आपल्याकडचा फार मोठा रोग आहे. पित्तासाठी दुसरी गोळी देता येते. ॲस्पिरिन बंद करून दुसरा अटॅक ओढवून घेऊ नका.

आता व्यायाम. इथे जरा जास्त वेळ घेते, कारण पैसे आणि वेळ दोन्ही इथेच वाया जातात.

हातापायांत सुधारणा सगळ्यात जास्त होते ती पहिल्या तीन महिन्यांत, नंतर सहा महिन्यांपर्यंत कमी वेगानं, आणि पुढेही थोडीथोडी होत राहते. त्यामुळे आता गेलेला आठवडा महाग आहे. पण त्याचा अर्थ रोज पाचशे रुपये द्यायलाच हवेत असा नाही. फिजिओ येऊन पाऊण तास व्यायाम करून जातो. उरलेल्या तेवीस तासांत पेशंट कसा झोपतो, कसा बसतो, त्याला कसं उठवलं जातं, यावर त्याच्या हातापायाचं भवितव्य जास्त अवलंबून असतं. माझ्या पेशंटांना मी सांगते, की फिजिओला आठवड्यातून एकदा बोलवा आणि त्याला स्पष्ट सांगा, ‘आज आम्हाला शिकवा.’ मोबाइलवर व्हिडिओ काढा. मग घरचेच दिवसातून चार वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं करतात. चांगला फिजिओ याला नाही म्हणत नाही. जो म्हणतो तो बदला.

तो येईपर्यंत एवढं सांभाळा. वडिलांना उठवताना उजवा हात धरून ओढू नका. लुळ्या हाताचा खांदा निखळतो आणि मग तो दुखरा खांदा व्यायामच करू देत नाही. काखेत हात घालूनही उचलायचं नाही. कमरेला पट्टा किंवा घट्ट ओढणी बांधून तिला धरा. बसवल्यावर उजवा हात उशीवर ठेवा, लोंबकळत नको. अंथरुणात असतील तर दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, टाचा आणि घोटे रोज उजेडात बघा. लालसर डाग दाबल्यावर फिकट होत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे. एकदा ती जखम पडली की महिने जातात. घरातल्यांनी त्यांच्याशी बोलताना, ताट ठेवताना मुद्दाम उजव्या बाजूला बसावं, म्हणजे त्या बाजूकडे त्यांचं लक्ष राहील.

बाहेर न्यायच्या स्थितीत असतील तर हाजीअलीला जा. तिथे केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, १९५५ सालापासूनची. मुंबईत जन्म गेलेल्या माणसांनाही ती ठाऊक नसते, दर्ग्याला जाताना तिच्यासमोरून जातात तरी. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (जेवण, कपडे अशी रोजची कामं पुन्हा शिकवणं), वाचाउपचार, पायाला आधार म्हणून लावायचा स्प्लिंट हे सगळं एका आवारात होतं आणि खर्च खाजगीच्या मानानं किरकोळ. भांडुपहून रोज जाणं अशक्य आहे, तसा अट्टहासही करू नका. एकदा पूर्ण तपासणी, पायाच्या स्प्लिंटचं माप आणि घरी करायच्या व्यायामाची आखणी एवढ्यासाठी जा, मग ते सांगतील त्या अंतरानं. रोजच्यासाठी घाटकोपरचं राजावाडी तुम्हाला जवळ पडतं. तिथल्या फिजिओथेरपी विभागाची वेळ आधी विचारून ठेवा. पालिकेच्या काही पॉलिक्लिनिकमध्येही फिजिओथेरपिस्ट बसतात. केईएम, सायन आणि नायरमध्ये तर फिजिओथेरपीचं शिक्षणही चालतं, त्यामुळे तिथे विद्यार्थी वेळ देऊन शिकवतात. मला विचाराल तर पाचशे रुपयेवाल्या घाईतल्या माणसापेक्षा शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी पुष्कळदा बरी.

बोलण्याचं वेगळं. उजवी बाजू जाते तेव्हा मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेली असते आणि भाषेचं केंद्र बहुतेकांत तिथेच असतं. शब्द सापडत नाहीत म्हणून समजत नाही असं धरून चालू नका. अनेकांना बरंच काही कळत असतं, आणि समोर बसून लोक आपल्याबद्दल काय बोलतायत तेही. नातेवाईक येतात आणि ‘ओळखलं का मला? सांगा बघू मी कोण?’ अशी परीक्षा घेतात. ती बंद करा. छोटी वाक्यं, एका वेळी एकच गोष्ट, हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न, आणि उत्तराची वाट बघण्याचा धीर. वाचाउपचारासाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि नायर रुग्णालयातही वाचा-श्रवण विभाग आहे. गिळण्याचा त्रासही हेच तज्ज्ञ बघतात.

आता तुमच्या डॉक्टरांकडे वळू. ‘जास्त काही होणार नाही’ म्हणणारा डॉक्टर बहुधा गर्दीत अडकलेला असतो आणि तुम्ही दारात उभं राहून ‘काहीतरी करा ना’ म्हणालात तर तो दुसरं काय बोलणार? नेमकं मागा. दुपारी गर्दी ओसरल्यावर वेळ घेऊन जा, डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनचा रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन. पहिलं मागणं, सगळी औषधं एका कागदावर, सकाळ-दुपार-रात्र अशी. रुग्णालयाची वेगळी चिठ्ठी, आधीपासूनच्या बीपीच्या गोळ्या वेगळ्या, आणि मधल्या मध्ये एकच औषध दोन नावांनी दोनदा घेतलं जातं, हे मी सतत बघते. दुसरं, आठवड्याला एक बीपी आणि महिन्याला साखर, त्यांच्या वहीत नोंद. तिसरं, महिन्यातून एकदा घरी येऊन बघणं. व्हिजिटचे पैसे देऊ असं आपणहून सांगा, पुष्कळ जुने डॉक्टर शेजारच्या पेशंटकडून घेतही नाहीत. आणि चौथं, सगळ्यात कामाचं, म्हणजे एक नीट रेफरन्स चिठ्ठी.

चिठ्ठीवर नुसतं ‘फिजिओथेरपी विभागाकडे’ असं लिहिलेलं असलं की पेशंट तीन खिडक्या फिरतो. तिच्यावर अटॅकची तारीख, कुठली बाजू, सध्याची औषधं, बीपीची शेवटची नोंद, आता नेमकं काय हवंय आणि घरी कोण कोण आहे, कमावतं कोण, एवढं हवं. शेवटच्या दोन गोष्टी डॉक्टर सहसा लिहीत नाहीत. पण हीच चिठ्ठी तुम्ही समाजसेवा विभागात दाखवणार आहात, आणि तिथे त्याच ओळी वाचल्या जातात.

महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात, लोक त्यांना एमएसडब्ल्यू म्हणतात. पेशंटचे नातेवाईक त्यांच्याकडे जातात ते बहुधा औषध दुकानाचं बिल हातात पडल्यावर, रडकुंडीला आल्यावर. आधी जा. पुढच्या तपासणीला वडिलांची एमआरआय किंवा मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी सांगितली आणि ती बाहेरून करायची असली, तर करण्याआधी समाजसेवकाला भेटा. पुअर बॉक्स चॅरिटी फंड नावाचा निधी तिथे असतो, शिवाय मदत करणाऱ्या ट्रस्टांची यादी त्यांच्याकडे असते आणि कुठला ट्रस्ट सध्या कशासाठी देतोय हे त्यांना पाठ असतं. सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या ठिकाणी अर्ज करायचा तरी कागद कसे लावायचे हे तेच सांगतील. एकदा खर्च करून टाकल्यावर पावती घेऊन गेलात तर बहुतेक ठिकाणी हात वर करतात. मुख्यमंत्री सहायता निधीचंही तसंच आहे. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, भरून टाकलेल्या बिलाची परतफेड होत नाही.

इथवरचं एकदा जुळवून घ्या: आधी पगाराची स्लिप, मग डॉक्टरांकडून औषधांचा एकच कागद आणि चिठ्ठी, मग फिजिओकडून शिकून घेणं, आणि पुढच्या तपासणीच्या दिवशी समाजसेवक. एवढं दोन आठवड्यांत होण्यासारखं आहे.

तुम्ही योजनांबद्दल विचारलंत, तर तुमच्या आकड्यांवरून सांगते. तुमचा वर्षाचा पगार २ लाख ३४ हजार होतो. घरात दुसरं उत्पन्न नाही असं धरते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना काठी, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात, पण कौटुंबिक उत्पन्न २ लाखांच्या आत लागतं, म्हणजे तुम्ही थोडक्यात बाहेर. सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्नाची अट नसलेलं, भरतीच्या खर्चासाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड वडिलांना अजून तीन वर्षांनी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मात्र तुम्हाला लागू आहे. जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांसाठी झाली आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण भरती झाल्यावर, योजनेत असलेल्या रुग्णालयात, यादीतल्या उपचारांसाठीच. आत्ताच्या फिजिओला तिचा उपयोग नाही. पुढे कधी भरती करावं लागलं तर रुग्णालयात पाऊल टाकताच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोधा. हेल्पलाइन १५५३८८.

धर्मादाय रुग्णालयांची सवलतही लक्षात ठेवा. ट्रस्टच्या मोठ्या खाजगी रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातल्या ४१ एए कलमाखाली उच्च न्यायालयानं ती योजना घालून दिलीय. मोफतसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, निम्म्या दरासाठी ३ लाख ६० हजार. म्हणजे तुम्ही दुसऱ्या गटात बसता. काउंटरवर ‘खाटा भरल्यात’ असं उत्तर मिळेल. तिथेच हुज्जत घालू नका. त्या रुग्णालयाचा समाजसेवक गाठा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. लेखी अर्जावर ‘नाही’ लिहायला कुणाचा हात सहज धजत नाही. वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते. आणि जीव धोक्यात असताना अनामत रकमेसाठी पेशंटला अडवता येत नाही, हेही त्याच योजनेत आहे.

या सगळ्याला लागतो तो तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. भांडुप कुर्ला तालुक्यात मोडतं. ‘आपले सरकार’वरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज करा, आजच, गरज नसताना. शिधापत्रिकेवर सगळ्यांची नावं आहेत का आणि आधारवरच्या नावाशी स्पेलिंग जुळतं का तेही बघा. एका काना-मात्रेपायी अडकलेले अर्ज मी पाहिलेत. दिव्यांग प्रमाणपत्राची घाई मात्र नको. पॅरालिसिसमधलं कायमचं अपंगत्व साधारण सहा महिन्यांनी ठरवतात, कारण तोवर सुधारणा चालू असते. तेव्हाही हातपाय कमजोर राहिला तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करा. लोकलचा दिव्यांगांचा डबा आणि पालिकेचं दिव्यांगांसाठीचं अर्थसाहाय्य यांना ते लागेल.

वस्तू विकत घ्यायला धावू नका. व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड हे तीन-चार महिन्यांचं काम. भांडुप-मुलुंड पट्ट्यात रुग्णोपयोगी साहित्य देणारी मंडळं आणि संस्था पुष्कळ आहेत. अनामत ठेवायची, वस्तू परत केली की पैसे परत. गणेशोत्सव मंडळात विचारा, ज्येष्ठ नागरिक संघात विचारा, तुमच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरला विचारा. त्याला या बाबतीत डॉक्टरांपेक्षा जास्त माहिती असते. एअर बेड घेताना पंप चालू करून बघा, निम्म्या बेडांना गळती असते.

पहिल्या मजल्यावरून खाली न्यायला माणसं लागतील. त्यासाठी मंडळाच्या पोरांना आधीच सांगून ठेवा. घट्ट लाकडी खुर्चीवर बसवून, पट्टा बांधून, तोंड उतरायच्या दिशेला ठेवून आणि खुर्ची मागे कलती धरून दोघांनी उतरवायचं, तिसरा पुढे. लोक वर्गणीवरून मंडळांना नावं ठेवतात, पण रात्री दोन वाजता अशी खुर्ची उचलायला त्याच पोरांना हाक मारावी लागते.

आईबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, ‘ती हल्ली सारखी रडते.’ मला तुमच्या प्रश्नातली सगळ्यात काळजीची ओळ तीच वाटली. वडिलांना सोडून जाता येत नाही म्हणून ती स्वतःची साखर तपासायला गेली नसणार, जेवणाच्या वेळा चुकत असणार, रात्रीची झोप तुटत असणार. असं दोन महिने चाललं की घरात दोन पेशंट होतात. बारा तासांची ब्युरोची मावशी तुम्हाला परवडणार नाही हे दिसतंय. तर आठवड्यातले दोन दिवस, दोन-दोन तास, कुणीतरी वडिलांपाशी बसेल असं ठरवा. शेजारच्या काकू, महिला मंडळातल्या कुणी, मामेबहीण. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणारे बरेच असतात. त्यांना वार आणि वेळ सांगा, ‘मंगळवारी चार ते सहा.’ नेमकं काम सांगितलं की चाळीत माणसं नाही म्हणत नाहीत. त्या दोन तासांत आईनं दवाखान्यात जावं, देवळात जावं, नाहीतर शेजारी जाऊन झोपावं. पालिकेच्या आरोग्य केंद्राच्या आरोग्यसेविका वस्तीत घरोघर फिरतात. तुमच्या भागातली कोण ते विचारून तिला घर दाखवा. बीपी-साखर तपासायला कुठे, कधी जायचं हे ती सांगेल आणि आईशी दोन शब्द बोलेलही. रडणं थांबत नसेल, जेवण तुटलं असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. वडिलांकडेही त्याच नजरेनं बघा. पॅरालिसिसनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, आणि घरचे त्याला ‘व्यायामाचा आळस’ समजतात. त्यावर औषध आहे आणि ते तुमचे फॅमिली डॉक्टरही सुरू करू शकतात.

मालिशवाले, ‘लकवा उतरवणारे’ आणि कबुतराचं रक्त चोळा म्हणणारे तुमच्या दारी येतीलच. तेलाच्या हलक्या मालिशला माझी हरकत नाही. त्यापलीकडे एक रुपयाही देऊ नका, आणि त्यांच्या सांगण्यावरून गोळ्या तर मुळीच थांबवू नका.

एक शेवटचं, घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवायला सांगा. पुन्हा तोंड वाकडं झालं, हात पडला किंवा बोलणं अडखळलं तर तुमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नेऊ नका, माझ्यासारखीच्याही नाही. आम्ही तिथे सीटी स्कॅन करू शकत नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये साडेचार तास म्हणजे काहीच नाही. १०८ लावा, रात्रंदिवस सीटी स्कॅन चालणाऱ्या रुग्णालयात थेट न्या आणि शेवटचे ठीक कधी दिसले होते ती वेळ डॉक्टरांना सांगा. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर झोपायला गेले ती वेळ. कुठलं रुग्णालय ते आत्ताच ठरवून, चौकशी करून ठेवा. तोंडात पाणी, साखर, ॲस्पिरिन काही घालू नका. हा अटॅक गुठळीचा की रक्तस्रावाचा हे स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही.

तुमच्या स्लिपवर ईएसआयची कपात आहे का आणि वडिलांना पाण्याचा ठसका लागतो का, एवढं इथेच कळवा. डिस्चार्ज कार्डावरच्या औषधांची नावंही टाका, फक्त त्यावरचं नाव-पत्ता झाकून. मग पुढचं त्यानुसार सांगते.